सात की साठ

“इथं पहिली आहे,” मास्तर फोनवर म्हणाले.

“दुसरी, मास्तर, दुसरी! पहिली नको!”

“काय?”

“पहिली काढून टाका आणि दुसरी आणा!”

एवढं ओरडल्यावर आमच्या घरात जे व्हायचं तेच झालं. आतल्या खोलीतून ह्यांनी विचारलं, “कोणाला काढून टाकलं?” जेवणाच्या टेबलाच्या पलीकडच्या टोकाला कानात बोंडं घालून मीटिंगमध्ये बसलेल्या सुनेनं ‘आई, हळू’ अशी हातानंच खूण केली. आणि मास्तरांच्या बाजूनं वहिनींचा, म्हणजे त्यांच्या बायकोचा, आवाज आला, “पहिली काढून टाका? ह्या वयात? अहो, कोण आहे फोनवर?”

मास्तर म्हणाले, “हं.”

वहिनींनी त्या ‘हं’चा काय अर्थ लावला ते देव जाणे.

तुम्हीही भलतं काही मनात आणू नका. भानगड वेलांटीची होती. डोळ्यांच्या एका दवाखान्याचं माहितीपत्रक हाताशी होतं, शस्त्रक्रियेनंतर घरी जाणाऱ्या रुग्णांना द्यायचं. त्यात ‘डोळ्यातली शीर’ हवं होतं आणि छापून आलं होतं ‘डोळ्यातली शिर’. शीर म्हणजे नस आणि शिर म्हणजे डोकं. एका वेलांटीनं माणसाच्या डोळ्यात अख्खं डोकं घातलं होतं.

मी आणि मास्तर एका छापखान्यात मुद्रितं तपासायचो. म्हणजे मूळ मजकूर मी मोठ्यानं वाचायचा आणि मास्तरांनी छपाईआधीच्या कागदावर बोट फिरवत ऐकायचा. दोन्हीत फरक आला की मास्तर म्हणणार, “थांबा, बाई.” मग दुरुस्ती. मग पुढे. नुसतं वाचून भागत नाही. स्वल्पविराम, पूर्णविराम, पहिली वेलांटी की दुसरी, सगळं तोंडानं म्हणावं लागतं. अशी आमची जोडी सव्वीस वर्षं चालली. मास्तर हे त्यांचं टोपणनाव. छापखान्यात यायच्या आधी ते दोन वर्षं शाळेत शिकवत होते, तेवढ्यावर ते चिकटलं ते चिकटलंच.

लोक विचारतात, एवढा खटाटोप कशाला, एकट्यानं वाचलं तर नाही का चालत? नाही चालत. एकट्या माणसाचे डोळे लबाड असतात. तिथं जे असायला हवं ते त्यांना दिसतं, जे असतं ते दिसत नाही.

तर तीन महिन्यांपूर्वी आमची वाचनाची खोली बंद झाली. नव्या साहेबांनी सांगितलं, आता कागद मोबाइलवर येतील, तुम्ही घरूनच काम करा, एकमेकांना फोनवर वाचून दाखवा. बातमी कळली तसं जो तो माझं अभिनंदन करायला लागला. नशीबवान आहात हो! बस नको, डबा नको, सकाळची पळापळ नको. हे तर म्हणाले, “बरं झालं, आता दुपारी गरम चहा मिळेल.” कुणाला मिळेल ते म्हणाले नाहीत. मिळाला तो त्यांनाच.

सून गुणाची आहे आणि घरून काम करण्यात पटाईत आहे. कानात बोंडं घातली की घर पेटलं तरी तिची मीटिंग चालू. तिनं एकदा मला विचारलं, “आई, खरंच सांगा, त्या ऑफिसात असं काय ठेवलंय?”

मी म्हटलं, “काही नाही गं. एक खिडकी आणि दोन टेबलं.”

आता तिला काय सांगणार? ज्या वर्षी माझ्या सासूबाई अंथरुणाला खिळल्या होत्या, त्या वर्षी मी रोज अर्धा तास उशिरा जायचे. जीव नुसता विटलेला असायचा. डोळे सुजलेले. मास्तरांनी एकदाही विचारलं नाही की बाई, काय झालं. ते फक्त सगळ्यात बारका कागद माझ्यापुढे सरकवायचे आणि म्हणायचे, “आज लग्नपत्रिकेपासून सुरू करू.” दहा ओळींचा मजकूर. तो वाचून होईपर्यंत माझा आवाज ताळ्यावर यायचा. घरी रडले असते तर चार जणांना कारण द्यावं लागलं असतं, आणि त्यातल्या दोघांची समजूतही मलाच घालावी लागली असती.

शिवाय जाण्यायेण्याचा रस्ता. बसथांब्यापासून छापखाना अकरा मिनिटांवर होता. त्या अकरा मिनिटांत घर मागे पडायचं. कुणाची औषधं, कुणाचे रुसवे, गॅस बंद केला की नाही, सगळं वाटेतल्या पुलाच्या अलीकडे राहायचं. पूल ओलांडला की मी कुणाची आई नाही, सून नाही, बायको नाही, वाचणारी बाई. संध्याकाळी उलट. परत येताना छापखाना पुलाच्या पलीकडे राहायचा आणि मी मोकळ्या डोक्यानं घरात शिरायचे. आता मी बसल्या जागी उठते आणि बसल्या जागी बसते. सकाळी ह्यांच्याशी झालेलं भांडण दुपारपर्यंत त्याच टेबलावर माझ्या कागदांशेजारी बसलेलं असतं.

आणि चहाच्या मावशी! सकाळी साडेदहाला आणि दुपारी तीनला. आयुष्यात मला आयता चहा मिळाला तो त्यांच्या हातचा. “पी गं बाई, घसा सुकला असेल,” असं म्हणून त्या समोर कप ठेवायच्या. माझ्यापेक्षा वर्षा-दोन वर्षांनी मोठ्या असतील, पण असं बोलायच्या की मी शाळेतून आलेय. माझा घसा सुकला असेल हे सव्वीस वर्षांत आमच्या घरात कुणाच्या डोक्यात आलं नाही. असो. घरोघरी मातीच्या चुली.

पण खरी गोष्ट मास्तरांची आहे, तीच सांगते.

छपाईची यंत्रं खालच्या मजल्यावर होती आणि ती सुरू झाली की आमच्या खोलीची खिडकीसुद्धा थरथरायची. त्या धडधडीत सात आणि साठ, सहा आणि दहा सारखंच ऐकू यायचं. म्हणून आकडा आला की मी तोंडानं म्हणायचे आणि बोटंही वर करायचे. सात म्हटलं की सात बोटं. साठ म्हटलं की सहा बोटं आणि मग मूठ. मूठ म्हणजे शून्य. पाहुणा कुणी आला की त्याला वाटायचं, इथं मुक्याबहिऱ्यांची शाळा भरलीय. आम्हाला सवय झाली होती.

सहा वर्षांपूर्वी यंत्रं दुसऱ्या जागी गेली. खोली शांत झाली, टाचणी पडली तरी ऐकू यावी इतकी. पण माझी बोटं चालूच राहिली, सवयीनं. मग एका सोमवारी वाचता वाचता माझ्या हातातला एक कागद खाली पडला. मी वाकून टेबलाखाली हात घातला, आणि वाचायची थांबले नाही. पुढच्या दोन ओळी मला पाठच होत्या. कागद घेऊन वर आले तर मास्तरांचं बोट आधीच्याच शब्दावर थांबलेलं. आणि ते माझा चेहरा मघाशी जिथं होता, तिथल्या मोकळ्या हवेकडे बघत बसले होते.

हा माणूस ऐकत नव्हता. हा माणूस माझे ओठ वाचत होता. किती वर्षं, कोण जाणे.

मी कागद झटकला आणि त्या शब्दापासून पुन्हा वाचायला लागले. तेव्हापासून कागद कधी तोंडासमोर धरला नाही, पेन कधी दातात धरलं नाही. माझ्या चेहऱ्यावर उजेड यावा म्हणून मी माझी खुर्ची खिडकीकडे तोंड करून फिरवून घेतली. “उन्हात बसायची हौस आहे बाईंना,” असं लोक म्हणायचे. ऊन उजवीकडून यायचं, माझा उजवा गाल अजून डाव्यापेक्षा काळा आहे.

मग एकेक गोष्ट दिसायला लागली. मावशी कप कधी मास्तरांच्या पाठीमागून ठेवायच्या नाहीत, वळसा घालून समोर यायच्या. अक्षरजुळणी करणारा माणूस दारातून हाक मारायच्या ऐवजी टेबलावर दोनदा थाप मारायचा. जुने साहेब तर मास्तरांशी बोलायचं असलं की आपली खुर्ची ओढून समोर बसायचे. सगळ्या छापखान्याला माहीत होतं. कुणी कुणाला सांगितलं नव्हतं आणि मास्तरांना तर कुणीच सांगितलं नव्हतं की आम्हाला माहीत आहे. ते बिचारे समजत होते, आपण चांगलं निभावतोय.

घरून काम करायचं ठरलं तेव्हा माझ्या मनात पहिला विचार हा यायला हवा होता. आला नाही. मी माझंच रडगाणं गात बसले होते. पहिल्या दिवशी फोन लावला तेव्हा आठवलं. म्हटलं, “मास्तर, जमेल ना फोनवर?”

“न जमायला काय झालं?” ते म्हणाले. त्यांनी फोनचा आवाज इतका मोठा ठेवला होता की माझाच आवाज मला परत येत होता.

व्हिडिओ लावून पाहिला. चित्र अडकायचं. माझं तोंड ‘क’वर उघडं राहिलेलं आणि आवाज पार ‘ज्ञ’ला पोहोचलेला. दोन दिवसांनी मास्तरच म्हणाले, साधा फोन बरा.

साधा फोन बरा नव्हता. माझं वाक्य संपायच्या आधीच त्यांचं ‘हं’ यायचं. मला कळत होतं. म्हणजे कळायला हवं होतं इतपत कळत होतं. पण तेवढ्यात दारावरची घंटा वाजायची, कपड्यांचं मशीन किंचाळायचं, हे विचारायचे माझा चष्मा कुठाय, आणि मी म्हणायचे, चला, पुढे.

त्या दिवशी, वेलांटीचा तमाशा झाल्यावर, दोनच ओळींनंतर वाक्य होतं : ‘सात दिवस चेहऱ्यावर पाणी घेऊ नये.’ मास्तरांच्या कागदावर ‘साठ’ पडलं होतं. मी ‘सात’ वाचलं. बोटंसुद्धा वर केली. चांगली सात बोटं वर केली. समोर आमच्या जेवणघराची भिंत होती.

मास्तर म्हणाले, “हं.”

पत्रकं छापली गेली, वाटली गेली. महिन्याभरानं दवाखान्यात एक आजोबा आले. त्यांची सून ओढूनच घेऊन आली होती म्हणे. आजोबांनी एकतीस दिवस तोंड धुतलं नव्हतं आणि अजून एकोणतीस दिवस धुणार नाही म्हणून हटून बसले होते. हातात पत्रक. “छापलंय,” ते डॉक्टरांना म्हणाले, “मी काय मनचं सांगतोय?”

तुम्ही हसला असाल. मीही आधी हसले. मग साहेबांचा निरोप आला : गुरुवारी दोघांनीही अकरा वाजता यावं.

मास्तरांच्या निवृत्तीला अकरा महिने होते. त्यांना ऐकू येत नाही हे कागदावर आलं की त्यांना त्याच दिवशी घरी बसवणार, हे उघड होतं. ज्याचं काम ऐकायचं, त्याला कानच नाहीत म्हटल्यावर कोण ठेवेल? माझं काय, एक ताकीद मिळाली असती. बसमध्येच मी ठरवून टाकलं, चूक आपल्या अंगावर घ्यायची. आणि खोटं म्हणावं तर तेही पूर्ण खोटं नव्हतं. ते घाईचं ‘हं’ मी ऐकलं होतं आणि पुढे गेले होते.

साहेब माझ्या मुलाच्या वयाचे. माणूस वाईट नाही. समोर मूळ कागद ठेवून म्हणाले, “मॅडम, इथं सात आहे. तुम्ही काय वाचलंत आणि ह्यांनी काय ऐकलं, एवढंच सांगा. दवाखान्याला पत्र लिहायचंय.”

“मी साठ वाचलं,” मी म्हटलं. “चष्म्याचा नंबर वाढलाय. चूक माझी.”

म्हणता म्हणता लक्षात आलं की मास्तर माझ्या शेजारी नाहीत, समोर बसलेत, आणि माझ्या ओठांकडे बघतायत. तोंडावर हात धरावा असं फार वाटलं. पण सवय आडवी आली. चांगलं स्वच्छ, शब्द सुटे करून खोटं बोलले.

“थांबा, बाई,” मास्तर म्हणाले.

ते साहेबांकडे वळले.

“साहेब, बाईंनी सातच वाचलं असणार. सव्वीस वर्षांत ह्यांचा एक आकडा चुकलेला नाही. मला ऐकू येत नाही.”

“म्हणजे फोन नीट लागत नव्हता?”

“फोन ठणठणीत होता. मी नव्हतो.”

साहेबांनी खुर्ची थोडी मास्तरांकडे वळवली आणि हळू विचारलं, “मग इतकी वर्षं काम कसं केलंत?”

मास्तरांनी माझ्याकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे. “ऑफिसात येत होतो ना,” ते म्हणाले.

साहेबांनी त्यांना काढलं नाही, हे सांगायला हवं. उलट म्हणाले, अकरा महिने घरी बसून एकट्यानं मनातल्या मनात वाचा, ऐकायची गरजच नाही, बाकी कॉम्प्युटर बघेल. मास्तरांनी नकारार्थी मान हलवली. “एकट्याचं वाचन मी कधी खरं मानलं नाही. आता माझंच कसं मानू?” महिनाअखेर मोकळं करा असं त्यांनी तिथंच लिहून दिलं. तीन ओळी. वेलांट्या सगळ्या बरोबर. मी पाहिल्या, आणि पुढचं मला नीट दिसेना.

जिना उतरताना ते माझ्या एक पायरी पुढे होते. मध्येच वळून उभे राहिले.

“कधीपासून माहीत होतं?”

“कागद खाली पडला होता बघा. यंत्रं गेली त्या वर्षी.”

“सहा वर्षं!” ते म्हणाले. “आणि मला वाटायचं, मी पक्का नट आहे.”

“आहातच. पण प्रेक्षक घरचे होते.”

“मावशींना?”

“त्यांना माझ्या आधी.”

ते कठड्याला धरून मनसोक्त हसले. इतके, की खालून कुणीतरी डोकावून पाहिलं. मग हसू एकदम ओसरलं. म्हणाले, “घरी माहीत नाही.”

“काय सांगता!”

“घरात समोर बसून कोण बोलतं, बाई? ती ओट्यापाशी पाठमोरी, मी बाहेरच्या खोलीत. ती बोलते असं वाटलं की मी हं म्हणतो. तिला वाटतं, माणूस घुमा आहे.” मग म्हणाले, “तुम्ही येता का? तुम्हीच सांगा. मी सांगितलं, तर ती काय म्हणेल ते मला ऐकू येणार नाही.”

आम्ही गेलो. वहिनी धुतलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होत्या. मला बघून त्यांना नवल वाटलं, “अगंबाई, तुम्ही! बसा, बसा, पाणी आणते,” असं चाललं होतं. मी म्हटलं, “वहिनी, पाणी राहू द्या.” आणि सांगितलं. मला लांबण लावता येत नाही. चार वाक्यांत सांगून मोकळी झाले.

त्यांनी हातातल्या सदऱ्याची घडी पुरी केली. ती मोडली आणि पुन्हा घातली. मग उठून खिडकीशी गेल्या आणि आमच्याकडे पाठ करून बोलायला लागल्या.

“माझी धाकटी बहीण गेली, त्याला आता नऊ वर्षं होतील. त्या आठवड्यात मी ह्यांच्या खुर्चीमागे उभी राहून तास तास बोलले. म्हटलं, तोंडावर रडायला नको, माणसाला त्रास होतो. सगळं सांगितलं. हे हं म्हणाले. त्यानंतर मी ह्यांना कधी काही सांगितलंच नाही. भांडलेसुद्धा नाही. म्हटलं, ज्याला आपलं दुःख नकोय, त्याच्याशी काय भांडायचं?”

मास्तर त्यांच्या पाठीकडे बघत होते. मग माझ्याकडे वळून त्यांनी दबक्या आवाजात विचारलं, “काय म्हणाली?”

मी सांगू शकले असते. शब्दन् शब्द, एकही न गाळता. जन्मभर तेच केलं होतं. पण ते माझं वाचायचं नव्हतं.

“वहिनी,” मी म्हटलं, “इकडे वळून बोला.”

त्यांनी तळहातानं चेहरा पुसला. वळल्या, आल्या, कपड्यांचा ढीग बाजूला सारून मास्तरांच्या पुढ्यात बसल्या. मग अगदी सावकाश म्हणाल्या, “माझी बहीण गेली ना, त्या दिवसापासून सांगते.”

मास्तर पुढे सरकून बसले.

मी उठले, दारापाशी चपला घातल्या. “येते हं मी,” म्हटलं. दोघांनाही ऐकू गेलं नाही.